दहा माणसांचं दुकान आणि राज्याचा कायदा

३ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्याशी थेट संबंध असलेले दोन निर्णय झाले. दिल्लीत जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत कराचे टप्पे कमी करून ५ आणि १८ टक्के असे दोनच मुख्य दर ठेवायचं ठरलं. मुंबईत राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि कारखाने यांच्या कायद्यांतल्या दुरुस्त्यांना मान्यता दिली. पहिल्या निर्णयाची चर्चा किराणा दुकानाच्या फळीपासून वाहिन्यांच्या पडद्यापर्यंत झाली. दुसऱ्याचीही झाली, पण ती ‘बारा तास काम’ या शब्दांभोवतीच फिरली. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट होती: दुकाने कायदा पूर्णपणे लागू होण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या दहावरून वीस करायची. अनेक लहान पेढ्यांना कामाच्या तासांपेक्षा याच बदलाचा फरक पडणार आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत राज्याने व्यापार-उद्योगासाठी केलेले कायदे एकत्र ठेवून पाहिले की तीन गोष्टी दिसतात. कामगार कायद्यांत संख्येचा उंबरठा सतत वर सरकला. कराच्या बाबतीत विधिमंडळाच्या हातातली बहुतेक सूत्रं जीएसटी परिषदेकडे गेली. आणि जे राज्याच्या हातात उरलं, त्यातलं बरंचसं सभागृहातल्या चर्चेऐवजी वटहुकूम, अधिसूचना आणि शासन निर्णय यांच्या वाटेने आलं. यातून व्यापाऱ्याला सवलत मिळाली हे खरं. पण ती कागदावर दिसते तेवढी मोठी नाही, आणि तिची किंमत कोण मोजतंय हेही नीट पाहिलं गेलेलं नाही.

सुरुवात शॉप ॲक्टपासूनच करायला हवी. दुकानांतल्या कामाचे तास ठरवणारा देशातला पहिला कायदा १९३९ मध्ये मुंबई प्रांतात झाला. त्याच्या जागी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला आणि तो जवळपास सत्तर वर्षं टिकला. त्याची पकड घट्ट होती. एकही नोकर नसलेल्या पानपट्टीवाल्यालाही नोंदणी करावी लागे आणि तिचं नूतनीकरण करावं लागे. दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं, आठवड्यातून कोणत्या दिवशी कुलूप लावायचं, सगळं ठरलेलं. गुमास्ता परवान्याची चौकट भिंतीवर नसली आणि नेमके त्याच दिवशी निरीक्षक आले, तर पुढे काय होई ते जुन्या दुकानदारांना सांगायला नको.

२०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा त्याच वर्षी १९ डिसेंबरला अमलात आला आणि हे चित्र पालटलं. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. नोंदणी, नोंदवह्या, तपासणी यांतून तो मोकळा. दहा किंवा अधिक कामगार असतील तर नोंदणी आवश्यक, पण दुकान वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे चोवीस तास उघडं ठेवायला हरकत नाही. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यापुढच्या कामाला दुप्पट मजुरी, तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास जादा काम. वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेची व्यवस्था करून रात्री साडेनऊनंतरही कामावर ठेवता येईल.

केंद्राने २०१६ मध्ये राज्यांपुढे आदर्श विधेयक ठेवलं होतं. त्या साच्यातला कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. गुजरातने तो २०१९ मध्ये केला. प्रत्यक्षात मात्र ‘चोवीस तास’ हा शब्द पोलीस ठाण्यापर्यंत पोचायला वेळ लागला. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवलं की शिट्टी वाजायची ती वाजतच राहिली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाला पुन्हा लेखी खुलासा करावा लागला की दारूची विक्री किंवा सेवा करणारी आणि तशी इतर आस्थापनं सोडली, तर बाकीच्यांना चोवीस तास व्यवसाय करता येतो. कायद्यात आठ वर्षं असलेली गोष्ट आठ वर्षांनी परत सांगावी लागते, यावरून कायदा आणि रस्ता यांच्यातलं अंतर मोजता येईल.

आता सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाकडे. दुकानांसाठी दिवसाचे तास नऊवरून दहा, तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास, आणि कायदा लागू होण्याची संख्या दहावरून वीस. कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास, जादा कामाची ११५ वरून १४४ तास. त्याआधी जुलैमध्ये गुजरातने कारखान्यांसाठी असाच वटहुकूम काढला होता. राज्याराज्यांतली चढाओढ इथे स्पष्ट दिसते. मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर महाराष्ट्रातही दुकानांसाठी वटहुकूम निघाला.

दहा ते एकोणीस माणसं कामाला असलेला दुकानदार म्हणजे कोण? पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचं मध्यम आकाराचं साड्यांचं दुकान, जळगावची सोन्याची पेढी, नाशिकचं औषधांचं घाऊक दुकान, लातूरच्या डाळीच्या व्यापाऱ्याची पेढी. यांना आता नोंदणीऐवजी सूचना पुरेशी. मालकाच्या बाजूने हे सोपं झालं. पण काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीचं काय? आठ किरकोळ रजा, आठ पगारी सुट्ट्या, साठवता येणारी अर्जित रजा हे सगळं ज्या कायद्याने तिला दिलं, तो कायदा तिच्या दुकानाला आता पूर्वीसारखा लागू नाही. व्यापारी संघटनांच्या निवेदनांत या मुलीचा उल्लेख सापडत नाही. चांगला मालक रजा देईलच, असं म्हणतात. चांगल्या मालकासाठी कायदा लागतच नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

त्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय व्यापाऱ्याने सुटकेचा श्वास सोडू नये. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने २९ जुने कायदे एकत्र करून बनवलेल्या चार कामगार संहिता अमलात आणल्या. त्या २९ कायद्यांत राज्यांचे दुकाने कायदे नाहीत. ते राज्यांकडेच राहिले. पण व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ‘आस्थापना’ची व्याख्या करताना व्यापार आणि धंदा दोन्ही घेतले आहेत, आणि तिथली संख्या दहा आहे. म्हणजे पंधरा माणसांचं दुकान राज्याच्या कायद्यातून बाहेर पडलं, तरी केंद्राच्या संहितेत आत जाऊन बसतं. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. तिथे केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांच्या आड आला, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा चालतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती घेतलेली असेल तरच तो त्या राज्यात टिकतो. मुंबईने उंबरठा विसावर नेला आणि दिल्लीने दहावर ठेवला, असं हे चित्र आहे. पगार संहितेला तर उंबरठाच नाही. एक माणूस कामाला असला तरी किमान वेतन द्यावं लागतं, आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे. ‘आम्ही वीसच्या आत आहोत, आम्हाला काही लागू नाही’ असं बाजारात सर्रास बोललं जातं. ते चूक आहे.

कारखान्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हा उंबरठा आधीच सरकवला होता. मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा आणि विजेशिवाय चालणाऱ्या जागी वीस कामगार असले की तो कारखाना ठरे. राज्याने २०१५ च्या दुरुस्तीने हे आकडे वीस आणि चाळीस केले. पुढे कंत्राटी कामगार कायद्यातली संख्या विसावरून पन्नासवर नेली. केंद्राच्या नव्या संहितेने वीस-चाळीस हेच आकडे देशभर लावले. म्हणजे महाराष्ट्राने घेतलेली पावलं दिल्लीने उचलली. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडांत याचा अर्थ काय होतो ते त्या भागात फिरलं की समजतं. एका छताखाली दोन भावांच्या नावाने दोन पाट्या, दोन वीजजोडण्या, आणि दोन्हीकडे अठरा-अठरा माणसं. उंबरठा दहाचा होता तेव्हाही हे चाले. विसाचा झाल्यावर थोडी मोकळी जागा मिळाली, एवढंच. उंबरठ्यावर उभारलेल्या कायद्याचा हा जन्मजात दोष आहे. एकोणीस माणसं असलेला मालक विसाव्या माणसाला कामावर घेताना मागणीपेक्षा निरीक्षकाचा विचार आधी करतो आणि धंदा वाढायचा थांबतो.

कराचा इतिहास वेगळा आणि अधिक नाट्यमय आहे.

जकात ही महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची दोन पिढ्यांची डोकेदुखी. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा, पावत्या, चिरीमिरी. ती जाऊन २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. कल्पना वाईट नव्हती: नाका नको, व्यापाऱ्याने स्वतःच हिशोब करून कर भरावा. पण त्याबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्याला दुकानात येऊन वह्या पाहण्याचा अधिकार मिळाला, आणि विक्रीकर खात्याच्या जोडीला दुसरा तपासनीस दारात उभा राहिला. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, पुणे, ठाण्यातल्या बाजारपेठांनी शटर खाली ओढली. मुंबईत एलबीटी कधी आलाच नाही. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईच्या जकातीसकट सगळंच संपलं.

जीएसटी येण्याआधी मे २०१७ मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन झालं आणि राज्याचा जीएसटी कायदा मंजूर झाला. महापालिकांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदाही त्याच वेळी झाला. मुंबईतल्या विधानभवनाने व्यापारावरच्या करासंबंधी घेतलेला तो शेवटचा मोठा निर्णय म्हणायला हरकत नाही. त्यानंतर दर, सवलती, विवरणपत्रांच्या तारखा हे सगळं परिषदेत ठरतं. तिथे केंद्राचं मत एक तृतीयांश वजनाचं आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला डावलून काहीच होत नाही आणि एकट्या महाराष्ट्रालाही फारसं काही करता येत नाही. आपलं विधिमंडळ दरवर्षी राज्याच्या जीएसटी कायद्यात दुरुस्त्या करतं, पण त्या संसदेने आधीच केलेल्या दुरुस्त्यांची प्रत असतात. वस्त्रोद्योगातल्या किंवा सोन्याच्या व्यापाऱ्याने आपल्या आमदाराकडे दर कमी करण्याचं निवेदन दिलं, तर आमदार ते घेतो, फोटो काढतो. त्याच्या हातात तेवढंच असतं.

राज्याच्या हाती मग उरलं काय? पेट्रोल, डिझेल आणि दारूवरचा मूल्यवर्धित कर, उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. महसुलाची गरज मात्र कमी झाली नाही, त्यामुळे सगळा भार याच मोजक्या खुंट्यांवर आला. जून २०२५ मध्ये मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं गेलं. परमिट रूमच्या विक्रीवरचा कर आधीच पाचवरून दहा टक्के झाला होता. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बार आणि परमिट रूमच्या मालकांनी बंद पाळला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर वटहुकूम काढून अनेक करारनाम्यांसाठीचं किमान मुद्रांक शुल्क शंभरवरून पाचशे रुपयांवर नेलं. भाड्याच्या जागेसाठी, भागीदारीसाठी, नुकसानभरपाईच्या बंधपत्रासाठी शंभराचा कागद आणायची सवय असलेल्या लहान व्यावसायिकाला हा फरक लगेच कळला. मोठ्या कंपनीला तो खर्चाच्या खात्यातही दिसत नाही.

व्यवसाय कराची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. हा कर १९७५ च्या कायद्याने लागला, आणि त्याचं उत्पन्न रोजगार हमी योजनेकडे वळवलं गेलं. शहरातल्या पगारदार-व्यापाऱ्याने कर भरायचा आणि त्यातून दुष्काळी गावात रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्तीची कामं निघायची. महाराष्ट्राने शहर आणि गाव यांना एकमेकांना असं थेट बांधल्याची उदाहरणं फार नाहीत. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. म्हणूनच पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अशी कपात दिसते. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. रक्कम इतकी लहान आणि नोंदणी, विवरणपत्र, उशिराचं शुल्क यांची कटकट इतकी की लहान मालकाला करापेक्षा कागदच महाग पडतो. हा कर ठेवायचा असेल तर त्याची विवरणपत्रं तरी बंद करावीत, असं माझं मत आहे.

जुन्या थकबाकीचं काय झालं? राज्याने २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ अशा चार वेळा कायदे करून जीएसटीपूर्व करांची थकबाकी तडजोडीने मिटवण्याची सोय केली. बोलीभाषेत अभय योजना. २०२२ मध्ये एका वर्षाची दहा हजारांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली आणि दहा लाखांपर्यंतच्या थकबाकीदारांना २० टक्के भरून मोकळं होता आलं; २०२३ मध्ये माफीची मर्यादा दोन लाखांवर गेली. दाव्यांचा ढीग कमी झाला, खात्याची माणसं नव्या कामाला मोकळी झाली, हे योग्यच. पण वेळेवर कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला यातून जो संदेश गेला तो चांगला नाही. एका अभयानंतर दुसऱ्याची वाट पाहण्याची सवय बाजाराला सरकारनेच लावली.

बाजार समित्यांचा प्रश्न या आढाव्यात सगळ्यांत गुंतागुंतीचा, कारण तिथे व्यापारी, शेतकरी आणि हमाल या तिघांचे हितसंबंध एकाच गाळ्यात राहतात. १९६३ च्या कायद्याने शेतमालाची खरेदी-विक्री बाजार समितीच्या आवारात आणली. जुलै २०१६ मध्ये वटहुकूम निघाला: फळं आणि भाजीपाला समितीच्या नियमनातून मुक्त, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची. वाशी आणि पुण्याच्या आडत्यांनी लगेच लिलाव बंद केले. काही दिवस शहरांत भाजीचे भाव भडकले आणि मग हळूहळू व्यवहार सुरू झाले. दोन वर्षांनी सरकारने पुढचं पाऊल टाकायचं ठरवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये समितीच्या आवाराबाहेरचा सगळा शेतमाल नियंत्रणमुक्त करणारं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. वाशीच्या बाजारात माथाडी आणि व्यापारी एकत्र रस्त्यावर आले आणि विधान परिषदेतून ते मागे घेतलं गेलं. मजुरीवरून एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे दोन गट एका विधेयकाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हे दृश्य दुर्मीळच.

माथाडींचा १९६९ चा कायदा हा महाराष्ट्राचा स्वतःचा, देशाला दिशा दाखवणारा कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून तो आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळ त्यातून हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी देणार. ठरावीक मालक नसलेल्या, पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पेन्शनच्या जवळपास जाणारं काही मिळालं ते या कायद्यामुळे. दुसरीकडे गोदाम आणि कारखान्यांचे मालक सांगतात की माथाडीच्या नावाखाली टोळ्या येतात, यंत्राने उतरवलेल्या मालाचीही वाराई मागतात, आणि नाही म्हटलं की ट्रक अडतो. दोन्ही खरं आहे. बोगस माथाडींना आळा घालण्याच्या नावाखाली २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, तेव्हा बाबा आढावांसह माथाडींच्या नेत्यांनी कडाडून विरोध केला; कारण खंडणीखोर रोखताना कायद्याची व्याप्तीच कापली जाईल, अशी भीती होती. ती भीती अवाजवी नव्हती. खंडणीसाठी फौजदारी कायदा आहेच आणि पोलीस तो वापरत नाहीत. माथाडी कायदा बदलून हे दुखणं बरं होण्यासारखं नाही.

पाट्यांचा विषय यापुढे लहान वाटेल, पण त्यात एक चिमटा आहे. मराठी पाट्यांची सक्ती दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना लागू होत नाही, अशी पळवाट निघाली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती बुजवली: प्रत्येक दुकानावर देवनागरीत मराठी नाव, आणि अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांची एक संघटना उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि २५,००० रुपयांचा खर्चही लावला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. महाराष्ट्रात धंदा करायचा तर मराठीत पाटी लावायला अडचण काय, हे मला कधी कळलं नाही. संघटनेने वकिलावर केलेल्या खर्चात कितीतरी पाट्या रंगवून झाल्या असत्या. कायद्याच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की रजा-सुट्ट्यांसाठी असलेला उंबरठा पाटीसाठी नाही.

प्लास्टिकबंदीचा धडा निराळा. २३ मार्च २०१८ ची ती अधिसूचना २००६ च्या अविघटनशील कचरा कायद्याखाली निघाली. पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. एका उद्योगाचा गाशा गुंडाळणारा आणि प्रत्येक किराणा दुकानाला हात घालणारा हा निर्णय सभागृहात विधेयक म्हणून आलाच नाही. बंदी योग्य होती. पण पर्यायी पिशव्या, किराणामालाचं पॅकिंग, साठ्याची विल्हेवाट हे प्रश्न अंमलबजावणीच्या आधी विचारले गेले नाहीत, म्हणून काही आठवड्यांतच सवलती द्याव्या लागल्या. मग कोणती पिशवी चालते आणि कोणती नाही याचा घोळ फुटपाथवरच्या विक्रेत्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांनी भोगला.

भाडे नियंत्रणाच्या १९९९ च्या कायद्यातला एक बारकावा इथे नोंदवून ठेवतो, कारण जुन्या बाजारपेठांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या दुकानदारांना तो उशिरा कळतो. एक कोटी किंवा अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या खासगी किंवा सार्वजनिक मर्यादित कंपनीला भाडेकरू म्हणून या कायद्याचं संरक्षण नाही. पगडीच्या जागेत बसलेल्या पेढीची कंपनी करून भांडवल वाढवताना सीए कर वाचवण्याचा हिशोब दाखवतो. जागा हातची जाऊ शकते, हे कोणी सांगत नाही.

नागरिकांना आणि उद्योगांना सरकारी सेवा वेळेत मिळाव्यात म्हणून २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा झाला. २०२३ मध्ये ‘मैत्री’ या एक खिडकी यंत्रणेलाही कायद्याचं अधिष्ठान मिळालं. दोन्हींचा उपयोग औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या प्रकल्पाला होतो. तालुक्याच्या गावात पिठाची गिरणी टाकणारा अजून वीज कंपनी, नगरपालिका आणि तलाठी यांच्यातच फिरतो. केंद्राने २०२३ मध्ये जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींतली कैद काढली किंवा सौम्य केली. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये राज्याच्या पातळीवर तोच मार्ग धरला. किरकोळ कागदी चुकीसाठी तुरुंगाची भीती दाखवून पैसे उकळण्याचे दिवस संपवायचे असतील, तर उंबरठा वर नेण्यापेक्षा हा रस्ता जास्त न्याय्य आहे. त्यात कामगाराची रजा जात नाही, फक्त निरीक्षकाच्या हातातली काठी जाते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. हे कायदे करताना व्यापाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं का? १९३५ च्या कायद्याप्रमाणे बनलेल्या मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत सात जागा व्यापार-उद्योगासाठी आणि सात कामगारांसाठी राखीव होत्या. स्वातंत्र्यानंतर त्या गेल्या, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ते बरोबरच झालं. विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक यांचे मतदारसंघ राहिले, व्यापाऱ्यांचा नाही. त्यांच्या वतीने संघटना बोलतात: वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र चेंबर, पुण्याची १९३४ ची मराठा चेंबर, विदर्भातल्या आणि मुंबईतल्या संघटना. अर्थसंकल्पाआधी त्यांची निवेदनं जातात. पण वटहुकूम आधी प्रसिद्ध होत नाही. तो निघाल्यावरच कळतो. अधिवेशन भरल्यावर तो सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि सहा आठवड्यांत विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो, म्हणून मग घाईने विधेयक. डिसेंबर २०२५ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन ८ ते १४ तारखेपर्यंत, एक आठवडाभर चाललं. एवढ्या वेळात कोणत्या कलमावर कोण किती बोलणार?

दुसरी पद्धतही याच राज्याने वापरली आहे. केंद्राच्या शेती कायद्यांवरून देश पेटलेला असताना, जुलै २०२१ मध्ये, राज्य सरकारने आपली तीन दुरुस्ती विधेयकं सभागृहापुढे ठेवली आणि मंजूर न करता लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने खुली ठेवली. त्यातून पुढे कायदा झाला नाही, हे खरं. केंद्राचे कायदेच त्याच वर्षी मागे गेले. पण व्यापाराशी संबंधित प्रत्येक विधेयकासाठी हीच रीत ठेवायला काय हरकत आहे? प्लास्टिकच्या वेळी, मुद्रांकाच्या वेळी, शॉप ॲक्टच्या वेळी दोन महिने मिळाले असते, तर निम्मे खुलासे काढावेच लागले नसते.

कामगार संहितांच्या बाबतीत ही संधी नियमांच्या टप्प्यावर मिळते. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती-सूचनांसाठी साधारण ३० ते ४५ दिवसांची मुदत असते. हरकत लिहायला वकील लागत नाही. लेटरहेडवर मराठीत दोन परिच्छेद चालतात. संघटनेच्या निवेदनावर सही करून थांबू नका. आणि तुमच्या दुकानात दहा ते एकोणीस माणसं कामाला असतील, तर या महिन्यात आपल्या कर सल्लागाराला विचारा की राज्याच्या कायद्यातून आपण बाहेर पडल्यावर केंद्राच्या संहितेतली नोंदणी आपल्याला लागते का. उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या.